पाणबुडीची पोथी

वहिनी, दादानं पुढची खोली भाड्यानं द्यायचं ठरवलंय. तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी एक कुरिअरवाला खोली बघायला हजर. तो टेप लावून खिडकीची रुंदी मोजत होता आणि मी दारात उभी राहून त्याच्याकडे अशी बघत होते की त्यानं चहा अर्धाच टाकून काढता पाय घेतला. दादाला मी तिथल्या तिथं सांगितलं, खोली द्यायची नाही.

"मंग काय करायचं त्या खोलीचं? कोण बसनारे तिथं?" दादा म्हणाला.

"मी बसणार. दर मंगळवारी बदनापूरहून येणार आणि बसणार."

तो हसला असता तर बरं झालं असतं. हसला नाही. नुसता म्हणाला, "तू? तू जिंदगीत एक पुस्तक तरी पह्यल्या पानापासून वाचलंस का?"

बोलणं झोंबलं, कारण ते तुझंच होतं. पंधरा वर्षं तू मला हेच ऐकवत आलीस आणि आता जाताना दादाच्या तोंडात ठेवून गेलीस. पण मी हट्टाला पेटले की काय होतं ते तुला माहीत आहे. म्हणून हे तुला लिहितेय. परवानगी मागायला नाही. तू नेहमी म्हणायचीस, काम हातात घ्यायच्या आधी ते कसं करायचं ते एकदा नीट मांडावं. तर मी मांडतेय.

तेराव्याला आलेल्या बायका तुझ्याबद्दल बोलत होत्या. "किती सोशिक होती हो." मला हसू यायला लागलं, तोंडाला पदर लावून आत पळावं लागलं. सोशिक! ज्या बाईनं पाण्याच्या मोटारीच्या दुकानदाराला खोक्यात वापरायचं पुस्तक नव्हतं म्हणून मोटार परत घेऊन जायला लावली, ती सोशिक? गल्लीला तू कळलीस ती शेवटच्या काही वर्षांतली. मला तू कळलीस ती त्याआधीची, दुपारची.

दादा बियाण्याच्या कंपनीत हिशेबाला होता. तिथं नवे कॉम्प्युटर आले तेव्हा जुना एक त्यानं मागून घेतला आणि सायकल रिक्षात घालून घरी आणला. तुझं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. तीर्थपुरीहून आलेली, बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धं सोडून बोहल्यावर चढलेली तू, आणि मी अकरावीतली, अभ्यास सोडून बाकी सगळ्यात हुशार. चारचौघांत मी तुला "अहो वहिनी" म्हणायचे आणि दुपारी आई आडवी झाली की "अगं". दादा ऑफिसला गेला की त्या पेटीवरचा कापडी अभ्रा काढायचा आणि आपण दोघी समोर बसायचं, इतकंच काय ते आपलं गुपित. सुरुवातीला आपल्याला त्यावर घड्याळ बघण्यापलीकडे काही येत नव्हतं, आठवतं?

मग काळ्यांचा खोका आला. दादाच्या ऑफिसातले काळे, बदनापूरहून रोज रेल्वेनं यायचे. त्यांचा भाऊ जहाजावर नोकरीला. त्यानं कुठल्या तरी परदेशी बंदरातून पाणबुडीचा गेम आणला होता आणि काळ्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. भाऊ जहाजावर परत जाईपर्यंत खोका आपल्याकडे. मी फ्लॉप्यांवर झडप घातली. तू मात्र खोक्याच्या तळाशी हात घालून पुस्तक काढलंस. केवढं जाड होतं ते! आत पाणबुडीची उभी कापलेली चित्रं, समुद्राचे नकाशे, कप्तानाची कर्तव्यं, खलाशांची जेवणाची वेळसुद्धा. तू भिंतीला टेकून खाली बसलीस आणि वाचायला लागलीस. मी म्हटलं, "अगं, आधी चालू तर करू." तू मान वर केली नाहीस.

चालू केलं आणि माझी जिरली. पडदा काळा झाला आणि त्यावर प्रश्न आला, पुस्तकातल्या अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्द कोणता? तीनदा चुकलं की गेम बंद. दरवेळी नवा प्रश्न. फ्लॉप्यांची नक्कल कुणीही करील, पण एवढं जाड पुस्तक कोण नकलत बसणार, असा त्या कंपनीचा हिशोब होता. ज्याच्याकडे पुस्तक तो मालक, बाकीचे चोर. बिचाऱ्यांना जालना माहीत नव्हतं.

दादानं फ्लॉप्यांची नक्कल करून घेतली आणि स्टेशनरोडला अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढून आणली. सुटे कागद फाटतील म्हणून तूच म्हणालीस, बांधून घेऊ. जुन्या जालन्यातला तो बाइंडर जन्मभर व्यापाऱ्यांच्या चोपड्या बांधत आलेला. त्यानं आपली पाणबुडी तशीच बांधली, लाल कापड, जाड पुठ्ठा, वर पांढऱ्या दोऱ्याची शिवण. आणि बांधून झाल्यावर चोपडीच्या कडा जशा मशीनवर सरळ कापतात तशा याच्याही कापल्या. पानांचे नंबर कडेला छापलेले होते. ते सगळे त्याच्या दुकानाच्या केरात गेले.

तोवर काळ्यांचा भाऊ निघायचा दिवस जवळ आला आणि खोका परत गेला. आपण लाल चोपडी घेऊन पडद्यासमोर बसलो. गेम विचारतोय पान सत्तावीस आणि आपल्याकडे एकाही पानावर आकडा नाही! मी कपाळावर हात मारला. तू म्हणालीस, "त्यात काय, मोजू." पेन घेतलंस आणि मुखपृष्ठापासून एक, दोन, तीन करत सगळ्या पानांवर आकडे घातलेस. तरी प्रत्येक उत्तर चूक. आठवडाभर आपण त्या पाणबुडीच्या दारात उभ्या होतो, आत कुणी घेईना. मग तू अनुक्रमणिका उघडलीस. तिसरा भाग कुठल्या पानावर ते तिथं लिहिलं होतं आणि तुझ्या आकड्यांत तो बराच पुढं येत होता. त्या लोकांनी प्रस्तावनेची पानं मोजलीच नव्हती! आपण पोथीसारखं पहिल्या पानापासून मोजत होतो आणि ते मोजत होते धड्यापासून. तू सगळे आकडे खोडून नव्यानं घातलेस. त्या दिवशी पडदा उघडला, निळं पाणी दिसलं आणि तू माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की मला संध्याकाळपर्यंत तो जाणवत होता.

अजून एक कडी होतीच. खोक्यात एक गडद मरून रंगाचा कागद होता, त्यावर काळ्या शाईत जहाजांची चित्रं आणि प्रत्येकाखाली खूण. शत्रूचं जहाज समोर आलं की गेम त्याची खूण विचारायचा. झेरॉक्सवाल्यानं तो कागद मशीनवर ठेवला तर काळं फडकं बाहेर आलं. मुद्दामच तसा छापलेला. पण खोका परत द्यायच्या आधी तू तो कागद घेऊन गच्चीवर चढलीस. एप्रिलचं ऊन, आईच्या कुरडया वाळत पडलेल्या. तू कागद तिरपा धरून उन्हात वाचायचीस आणि मी कुरडयांच्या रांगांमध्ये बसून लिहून घ्यायचे. डोळ्यांतून पाणी आलं की पदरानं पुसून पुन्हा वाचायचीस. मी म्हटलं, "राहू दे, ज्या जहाजाची खूण माहीत नाही त्याच्या वाटेला जाऊ नये." तू म्हणालीस, "जहाज काय इचारून येतं का? लिही गुमान."

आणि मग आई. तीही आता नाही. आईचं माहेर जांब समर्थच्या जवळचं. तिला अक्षर येत नव्हतं, पण पोथी दिसली की हात जोडल्याशिवाय पुढं जायची नाही. सुनेच्या हातात लाल कापडात बांधलेला ग्रंथ, सून तो घ्यायच्या आधी साबणानं हात धुते (पानांना कुरडयांचा चीक लागू नये म्हणून, हे आपल्याला माहीत), भिंतीला टेकून ओठ हलवत वाचते. आईनं ठरवून टाकलं. शेजारी सांगूनही आली, "आमची सून दुपारची निजत न्हाई. पोथी वाचती." तू मला डोळ्यांनी दटावलंस. तुझं बरोबरच होतं. दुपारी खेळणाऱ्या सुनेला उठवायला हजार कामं निघतात. पोथी वाचणाऱ्या सुनेला कोण उठवणार?

पण एक दिवस आई पुढ्यात येऊन बसली. "एकटीच वाचतीस. मला बी दोन शब्द ऐकू दे."

मला वाटलं आता भांडं फुटलं. तू पान उलटलंस आणि इंग्रजीवरून सरळ मराठीत वाचायला लागलीस. "बोट पाण्याखाली असताना वरून शत्रूचं जहाज जात असेल तर इंजिन बंद करावं. कुणी बोलू नये. चमचाही खाली पडू देऊ नये. शांतता हेच कप्तानाचं शस्त्र."

आई मान डोलावत होती. "बराबर हाय. घरात भांडं वाजलं की गल्लीला कळतं." मग थोड्या वेळानं, "हे कप्तान म्हाराज कोन्या गावचे?"

मी तोंडात ओढणी कोंबली. तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "लांबचे हायेत, आई. समुद्राकडचे."

पुढचे कितीतरी दिवस आई रोज ऐकायला बसायची. हवा संपत आली तर माणसांनी आडवं पडून राहावं, कमी श्वास घ्यावा, हे ऐकून ती म्हणाली, म्हाराजांनी गरिबीचं वर्णन केलंय. रोज वाचायचं म्हणजे तुला सकाळीच पुढची पानं समजून ठेवावी लागायची. दादाची जुनी डिक्शनरी तू तांदळाच्या डब्यामागं ठेवायचीस. मी एकदा म्हटलं, बी.ए. सुटलं तरी तुझा अभ्यास काही सुटला नाही. तुला ते आवडलं होतं.

भांडं फुटलं ते विजेमुळं. तू वाचत होतीस, आई ऐकत होती, आणि गेलेली वीज आली. मी सवयीनं आतून ओरडले, "वहिनी, जल्दी! पान त्रेचाळीस, ओळ नऊ!" तू पोथी घेऊन उठलीस आणि मागोमाग आई, कुठला अध्याय निघतोय ते बघायला. तिनं पाहिलं, पडद्यावर प्रश्न, तुझं बोट पुस्तकातल्या ओळीवर, माझी बोटं कळांवर, आणि मग निळं पाणी.

"आई, ही पोथी न्हाई," तू म्हणालीस. "ह्या खेळाचं पुस्तक हाय. मी पोथी हाय असं कव्हा म्हनले न्हाई, पन न्हाई असं बी म्हनले न्हाई."

आई पडद्याच्या अगदी जवळ आली. मला वाटलं आता कॉम्प्युटर जातो आणि तुझी दुपारही जाते. मग ती म्हणाली, "ही ती बोट का?"

"हो."

"मंग ते वरचं जहाज गेलं का न्हाई? काल अर्ध्यात ठिवलंतं."

त्या संध्याकाळी आईनं ट्रंकेच्या तळातून एक चुरगळलेलं पुस्तक काढून तुझ्या हातात दिलं. कुकरचं. दादाच्या मुंजीत कुणीतरी दिलेला कुकर, एकदा शिट्टी उडाली तेव्हापासून माळ्यावर पडलेला. "पोथी न्हाई तर न्हाई. वाचायचं बंद करू नको. हे वाच, ह्याला कुनी इचारलंच न्हाई अजून." तू ते मोठ्यानं वाचलंस, शिट्टी का उडाली ते आपल्याला कळलं आणि दुसऱ्या दिवशी कुकर खाली आला. शेजारच्या शबानाभाभी त्यांच्या शिलाई मशीनचं पुस्तक घेऊन आल्या. मग मिक्सर, इस्त्री, फवारणीचा पंप. मंगळवार ठरला, कारण दादाच्या कंपनीची सुट्टी मंगळवारची, आणि चहा करायला हक्काचा माणूस घरात. बायका पुढच्या खोलीत, दादा चहा देऊन बाहेर ओट्यावर पेपर घेऊन. मूल झालं नाही म्हणून हळहळायला आलेल्या बायकांनाही तू विचारायचीस, घरात कुठलं यंत्र बंद पडलंय? पुढल्या मंगळवारी त्याच बाया पुस्तक घेऊन दारात. खोक्यात पुस्तक आहे का बघून मगच वस्तू घ्यायची, हा आपल्या गल्लीचा रिवाज तुझ्यामुळं पडला. दुकानदार वैतागले, पण पुस्तकं द्यायला लागले.

आता आपलं भांडण. ते मिटलेलं नाही आणि तू गेलीस म्हणून मी ते सोडणारही नाही.

मी कॉलेजात होते तेव्हा एका मुलाकडून एक फ्लॉपी मिळाली. ती घातली की गेम प्रश्नच विचारायचा नाही. कुलूपच गायब. मला आनंदानं काय करू नि काय नको झालं होतं. तुला दाखवलं, थेट निळं पाणी! तू बघितलंस आणि म्हणालीस, "काढ ते."

"का? रोज रोज त्या कंपनीच्या परीक्षेला कशाला बसायचं?"

"दारात आलेल्याला कोन म्हनून इचारतातच."

"आणि आपण कोण? झेरॉक्सवाले!"

"झेरॉक्सवाले असू," तू म्हणालीस, "पन वाचलेले झेरॉक्सवाले हावोत."

मला हसू आलं, पण तू हसत नव्हतीस. प्रश्न गेला की पुस्तक कुणी उघडणार नाही, असं तुझं म्हणणं. माझं म्हणणं, ज्याला वाचायचंय त्यानं वाचावं, जबरदस्ती कशाला? ते प्रश्न विचारणं म्हणजे सरळ संशय घेणं. ज्यांनी पैसे मोजून घेतलं त्यांनाही रोज चोरासारखं दारात उभं करायचं, हे कुठलं शहाणपण? तू फक्त म्हणालीस, "मला दारात उभं केलं म्हनून तर मी आत पोचले." आणि स्वयंपाकाला उठून गेलीस. मी फ्लॉपी काढली नाही. तू त्यानंतर माझ्याबरोबर तो गेम खेळली नाहीस, पण लाल चोपडी वाचायचं सोडलं नाहीस. गेमशिवाय गेमचं पुस्तक वाचणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मला बदनापूरला दिलं, तिथल्या कॉम्प्युटर क्लासात मी शिकवायला लागले आणि मुलांना पहिल्या दिवशी सांगायला लागले, घाबरू नका, बटणं दाबून बघा, काही बिघडत नाही. हे तुला कळल्यावर तू फोनवर किती वेळ बोलत होतीस! दोन-तीन वर्षांमागं मी जुन्या गेमांची सीडी विकत आणली, आपली पाणबुडी तिच्यात होती. प्रश्न नाही, खोका नाही, पुस्तक सीडीच्याच पोटात, पडद्यावर वाचायचं. तू थोडं वाचलंस आणि विचारलंस, "ह्यात बोट ठिवायचं कुठं?" आणि अगदी अलीकडे मी तुला मोबाइल आणला. पुस्तकाच्या जागी घडी केलेला एक कागद. तू तो उलटासुलटा केलास. "येवढ्या म्हागाच्या वस्तूला येवढीशी चिठ्ठी?"

मी म्हटलं, "आता पुस्तकं गेली, वहिनी. वस्तूच शिकवते."

"शिकवत न्हाई. ढकलती."

मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. पुढच्या भेटीत देणार होते. पुढची भेट दवाखान्यात झाली आणि तिथं असल्या गोष्टी बोलायच्या नसतात, असं मला वाटलं. चुकलंच माझं वाटणं. तुझ्या उशाशी नर्सनं ठेवलेल्या मशीनकडे तू एकटक बघत होतीस तेव्हा मला समजायला हवं होतं की तुला भांडायला कुणीतरी हवंय. आज सांगते, माझं उत्तर फार काही भारी नव्हतं. पण ते ऐकून तू उसळली असतीस, एवढी खात्री होती. आणि हेही सांगते, जे कधी सांगितलं नाही: मला जे इंग्रजी येतं ते कॉलेजातलं नाही. ते पान सत्तावीस, ओळ अमुक, शब्द अमुक करत तुझ्या मांडीला मांडी लावून शिकलेलं आहे. मी फुकट बटणंवाली झाले नाही. माझ्या बाजूला पुस्तकवाली बसलेली होती.

म्हणून खोली द्यायची नाही. दादाला मी दुसऱ्या दिवशी परत गाठलं. म्हटलं, भाड्याची तुला गरज नाही, मग ही घाई कसली? तो ओट्यावर बसला होता, पेपर उलटा होता की सुलटा देव जाणे.

"तुला न्हाई कळायचं," तो म्हणाला. "मी इथं बसतो. आतून तिचा आवाज येयाचा. आता रिकामी ठिवली तर कान तिकडंच जातो. कुरिअरवाले आले तर बोलतील, पार्सलं आपटतील. त्याची तरी सवय व्हईल."

मला रडू आलं, तिथंच, त्याच्यासमोर. पण मी माघार घेतली नाही. म्हटलं, "येत्या मंगळवारी मी येणार. एकदा ऐक. नाही जमलं तर कुरिअरवाल्याला मीच फोन करीन."

परवा मंगळवार होता. क्लासला सुट्टी टाकली, दुपारच्या गाडीनं आले, खोली झाडली, सतरंजी टाकली आणि बसले. दादानं चहा केला नाही. ओट्यावर पाठ करून बसला. बराच वेळ कुणी आलं नाही. गल्लीला वाटलं असणार, संपलं. मग शबानाभाभी आल्या, हातात खोका. रक्तदाब मोजायचं मशीन, त्यांच्या मुलानं औरंगाबादहून पाठवलेलं. चपला काढताना सवयीनं त्या "वहिनी..." म्हणाल्या आणि थांबल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू पढती क्या अब? बरं झालं बाई. मी सोचून राह्यलेले, आता कुनाला दाखवू."

पुस्तक बारीक अक्षरांत, इंग्रजीत. मी उघडलं, घसा साफ केला आणि वाचायला लागले. "वापरकर्त्याने मोजणी करण्यापूर्वी विश्रांती घ्यावी. पट्टा दंडावर हृदयाच्या पातळीवर असावा..." शबानाभाभी मान डोलवत होत्या, पण कशाला डोलवतात ते त्यांनाही कळत नव्हतं. पान उलटलं तर पुढं आकृत्या, बाण, आकडे. मनात आलं, दाबून बघू, बटण एकच तर आहे.

"असं न्हाई."

ओट्यावरून दादाचा आवाज. त्यानं मान वळवली नव्हती.

"आधी इचार, मशीन कुनासाठी आनलंय. ती आधी तेच इचारायची. मंग त्याच मानसाच्या नावानं वाचायची. वापरकर्ता-बिपरकर्ता कव्हाच म्हनली न्हाई."

वहिनी, हे मला माहीत नव्हतं. मंगळवारी आधी माझं कॉलेज आणि मग क्लास असायचा, मंगळवारचं तुझं एकही वाचन मी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. तो माणूस बारा महिने पेपर तोंडापुढं धरून सगळं ऐकत होता.

मी विचारलं. शबानाभाभी म्हणाल्या, "अम्मीसाठी. माझ्या सासूसाठी."

मी पुन्हा पहिल्या पानावर गेले. "अम्मी, आधी खुर्चीला टेकून बसा. पाय एकावर एक टाकू नका. हात टेबलावर ठेवा, मुठी सोडा. अम्मी, मशीन चालू असताना बोलू नका, कितीही महत्त्वाचं असलं तरी." शबानाभाभी खळखळून हसल्या. "ये तो अम्मीको बिलकुल न्हाई जमनार." मग त्यांनी प्रश्न विचारले, मी पान शोधून उत्तरं दिली, दोनदा चुकले आणि दोनदा मागं जाऊन नीट वाचलं. शेवटच्या पानापर्यंत वाचलं, वहिनी. एकही पान गाळलं नाही.

दादा केव्हा आत आला ते मला कळलं नाही. सतरंजीच्या कडेला उभा होता. डॉक्टरनं त्यालाही प्रेशर मोजत जायला सांगितलंय, तू गेल्यापासून वर चढलंय म्हणाले, पण तो ऐकेल तर शपथ. त्यानं मशीनकडे बघितलं, मग शबानाभाभींकडे. त्यांनी पट्टा पुढं सरकवला. दादानं बाही वर केली आणि माझ्यासमोर बसला.

"आता माझ्या नावानं वाच," तो म्हणाला.

मी पान उलटून सुरुवातीला आले.

"दादा, आधी टेकून बस. हात सैल सोड. थोडा वेळ काही बोलू नकोस."